एकाच सरीत दोन रोज

ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूर-महाळुंगच्या पट्ट्यात कामाचे भाव सगळ्यांच्या तोंडी असतात. तोडणीला टनामागे काय, लागणीला एकरी काय, बांधणीला गड्याचा रोज काय आणि खुरपणीला बाईमाणसाचा काय. ऊसदरावर आपल्याकडे आंदोलने झाली, तोडणीच्या दरावर संप झाले, वाहतुकीच्या भाड्यावरून गाड्या अडल्या. गड्याच्या आणि बाईच्या रोजात जे अंतर आहे त्यावर मात्र बांधावर कधी वाद झडत नाही. ते कोणी बसून ठरवलेले नाही, म्हणून ते मोडायलाही कोणी बसत नाही.

देशभरच्या सरकारी पाहण्या सांगतात की रोजंदारीवरच्या बाईला पुरुषाच्या साधारण दोन-तृतीयांश मजुरी मिळते. पण देशाच्या सरासरीने आपल्या घरातला प्रश्न सुटत नाही. म्हणून हा लेख रोजाने जाणाऱ्या बायकांसाठी आहे, त्यांना रोज देणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आहे आणि पतसंस्थेत, दवाखान्यात, खासगी शाळेत महिन्याच्या पगारावर असलेल्या मुलींसाठीही आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपल्या भागात बाईची मजुरी तीन ठिकाणी गळते: तिचे काम मोजले जात नाही, ते कुठे लिहिले जात नाही आणि पैसा तिच्या नावावर पडत नाही. गळती कुठे आहे ते कळले तर ती बुजवता येते.

आधी हिशेब

कोणत्याही वाटाघाटीआधी कागद-पेन घ्या. समजा, गड्याचा रोज ५०० रुपये आणि बाईचा ३०० रुपये. (हे आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या शिवारातले घाला.) दोघांत २०० रुपयांचा फरक. आता तास पाहा. गडी आठला आला, पाचला गेला, मध्ये तासभर जेवण. म्हणजे काम आठ तास. बाई अकराला आली, साडेपाचला गेली, अर्धा तास भाकरीला. म्हणजे सहा तास. गड्याचा तास पडला साडेबासष्ट रुपयांना, बाईचा ५० रुपयांना. बाईला गड्याच्याच दराने सहा तासांचे पैसे दिले असते तर ३७५ झाले असते. म्हणजे २०० रुपयांच्या फरकातले १२५ रुपये कमी तासांमुळे आहेत आणि ७५ रुपये निव्वळ दरामुळे.

हा हिशेब प्रत्येकीने एकदा तरी करावा, कारण या दोन रकमा मागायच्या जागा वेगळ्या आहेत. ७५ रुपये मालकाकडे मागायचे आहेत. १२५ रुपये घराकडे आणि सरकारकडे.

ती अकराला का येते? कारण पहाटेपासून तिने पाणी भरले, भाकऱ्या थापल्या, शेण काढले, पोरांना शाळेत लावले. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवते, तर घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. पावणेपाच तास आणि दीड तास. बाईचा दिवस छोटा नाही. दिवसातला पैशाचा भाग छोटा आहे. २०२३ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल ज्यांना मिळाले त्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून असेच काहीसे दाखवले. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या बायकांचा पगारही पहिले मूल झाल्यावर पुरुषांपासून तुटायला लागतो, कारण जो कधीही, कितीही वेळ हजर राहू शकतो त्याला बाजार जास्त मोबदला देतो. वकिलाच्या कचेरीत जे घडते तेच आपल्या उसाच्या फडात घडते.

म्हणून घराशी बोलण्याचा मुद्दा साधा ठेवा. नवऱ्याने, सासूने किंवा मोठ्या मुलाने सकाळची दोन तासांची कामे उचलली तर रोज किती वाढेल, तो आकडा सांगा. वरच्या उदाहरणात ५० रुपये तासाने धरले तरी दिवसाला १०० रुपये होतात. हंगामात शंभर दिवस काम लागले तर १० हजार. उपदेशापेक्षा हा आकडा घरात जास्त ऐकला जातो.

'बायकांचं काम' हलकं कोणी ठरवलं

उरले ७५ रुपये. त्यावर शेतकऱ्याचे उत्तर ठरलेले असते: गड्याचे काम जड, बाईचे हलके. हे उत्तर गंभीरपणे घ्यायला हवे, कारण कायदाही कामाच्या स्वरूपावरच बोट ठेवतो. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. त्याआधीचा अध्यादेश १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात निघाला. आता तो कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार एकाच मालकाकडे 'तेच किंवा तशाच स्वरूपाचे' काम असेल तर लिंगावरून मजुरीत भेद करता येत नाही. 'तशाच स्वरूपाचे' म्हणजे काय, हे पाहायला चार गोष्टी तपासायच्या: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. शिवाय बरोबरी करण्यासाठी पुरुषाचा दर खाली आणायलाही मनाई आहे.

या चार कसोट्या खुरपणीला लावून पाहा. वाकून किंवा उकिडवे बसून सहा तास उसाच्या पात्यांत चालणारे हात, ते श्रम कमी? कोवळ्या पिकाच्या मुळाला धक्का न लावता हरळी, लव्हाळा उपटायचा, ते कौशल्य नाही? द्राक्षबागेत मण्यांची विरळणी करताना एक चुकीची कात्री घडाचा भाव पाडते, ती जबाबदारी नाही? आपण जड काम म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर उचलायचे वजन असते. किती वेळ, किती बारकाईने, पाठीच्या कोणत्या वाकात, हे आपण त्यात धरत नाही. बांधणी आणि खुरपणी ही एकच कामे आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्या दरात थोडा फरक राहीलही. पण तो फरक कामाचा आहे की बाईपणाचा, हे तपासायची एक सोपी रीत आहे. जिथे दोघे एकच काम करतात तिथे पाहा. लागणीत कांडी मांडायला, खत टाकायला, ऊस भरायला गडी आणि बाई एकाच सरीत असतात का? असतील आणि तिथेही रोज दोन असतील, तर तो भेद कायद्याने चुकीचा आहे आणि वाटाघाट तिथूनच सुरू करावी. शेतकऱ्यालाही तिथे दुसरे कारण सांगता येत नाही.

शेतमजुराचे किमान वेतन राज्य सरकार जाहीर करते. त्यात बाईचा दर आणि पुरुषाचा दर असे दोन रकाने नाहीत. चालू आकडा सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून लेखी मागून घ्या आणि बचत गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचा. पुष्कळ गावांत तो आकडा कोणाला माहीतच नसतो, मग तो मागणार कोण?

मुंबईची एक लघुलेखिका

समान वेतनाच्या कायद्याचा महाराष्ट्रातला सगळ्यात महत्त्वाचा खटला शेतातला नाही, कचेरीतला आहे. पण पगारावरच्या प्रत्येक मुलीने तो माहीत करून घ्यावा. ऑड्री डिकॉस्टा मुंबईत मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीत लघुलेखिका होत्या. त्यांचे पद होते गोपनीय कामाच्या महिला लघुलेखिकेचे. १९७७ साली त्यांची नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी दावा लावला की पुरुष लघुलेखकांना कंपनी आपल्यापेक्षा जास्त पगार देत होती. कंपनीचे म्हणणे होते की महिला लघुलेखिकांचा वर्गच निराळा आहे, आणि पगार तर कामगार संघटनेशी झालेल्या कराराने ठरलेत. शिवाय एवढी रक्कम देण्याची आमची ऐपत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २६ मार्च १९८७ रोजी निकाल दिला. पदाला वेगळे नाव दिले म्हणून काम वेगळे होत नाही. प्रत्यक्ष काय काम होते ते पाहायचे. संघटनेने करारावर सही केली असली तरी कायद्याविरुद्धचा भेद टिकत नाही. आणि कंपनीची आर्थिक स्थिती हे समान वेतन न देण्याचे कारण होऊ शकत नाही. दहा वर्षे लागली, पण आज पगाराचे भांडण करणाऱ्या कोणाही बाईच्या हातात हे तिन्ही मुद्दे त्या एका बाईमुळे आहेत.

तुमच्याकडे हा प्रकार वेगळ्या रूपात दिसेल. पतसंस्थेत मुलगा 'लिपिक' आणि मुलगी 'मदतनीस', दोघे एकाच खिडकीवर पैसे मोजतात. शाळेत सर 'शिक्षक' आणि मॅडम 'तासिका तत्त्वावर'. दवाखान्यात पुरुष 'वॉर्ड इन्चार्ज', सिस्टर नुसत्या 'सिस्टर'. म्हणून नेमणुकीच्या पत्रावर काय लिहिले आहे यापेक्षा दिवसभर काय करता त्याची आठवडाभर नोंद ठेवा: तारीख, वेळ, काम, सोबत कोण होते. तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला त्याचा पगार विचारा. आपल्याकडे पगार विचारणे असभ्य मानतात. माझ्या मते ही सभ्यता फक्त मालकाच्या फायद्याची आहे. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याचे पासबुक उघडून पाहा. मालक कोणत्या पगारावर वर्गणी भरतो ते त्यात दिसते. बँकेत एक पगार जमा होतो आणि त्यातला काही रोख परत द्यावा लागतो, अशी रीत काही ठिकाणी आहे. तिथे परत दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीख लिहा आणि शक्य असेल तर ती रोख न देता खात्यावरूनच द्या, म्हणजे मागे पुरावा राहतो.

तक्रारीची वेळ आली तर संहितेतल्या काही तरतुदी फार कामाच्या आहेत. दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. तो तुम्ही स्वतः लावू शकता, तुम्ही सभासद असलेली नोंदणीकृत संघटना लावू शकते किंवा निरीक्षक लावू शकतो. मजुरी कमी दिल्याचा दावा असेल तर ती पूर्ण दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला आहे. वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर लक्षात ठेवा: विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी सुरुवात होते. मात्र नोकरीवर असताना एकटीने तक्रार करू नका असेच मी सांगेन. चौघी-पाचजणींनी सह्या करून आधी मालकाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि मगच पुढे जावे. एकटीला कामावरून काढणे सोपे असते.

शेतात एक अडचण आहे. पाच किंवा त्याहून कमी माणसे शेतकामाला लावणाऱ्याला पगारपुस्तक आणि पगारचिठ्ठीच्या बंधनातून संहितेने सूट दिली आहे. निरीक्षकाने मागितला तर मजुरी दिल्याचा पुरावा दाखवायचा, एवढेच. म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य बायकांच्या कामाची नोंद मालकाकडे असणारच नाही. ती वही तुम्हालाच ठेवावी लागेल. टोळीतल्या लिहिता येणाऱ्या मुलीकडे हे काम द्या: कोणाच्या शेतात, किती जणी, कधी सुरू, कधी बंद, काम काय, दर काय, पैसे मिळाले का. शनिवारी पैसे घेताना शेतकऱ्याची त्या वहीवर सही घ्या. बहुतेक शेतकरी सही करतील, कारण त्यांनाही हिशेब हवाच असतो.

उक्ते घ्यावे की रोजाने

मला विचाराल तर जिथे मोजता येते तिथे उक्ते घ्यावे. एकरी किंवा सरीमागे दर ठरला की काम कोणी केले हे पैशाला कळत नाही. लागणीच्या, खुरपणीच्या बायकांच्या टोळ्या उक्त्याने जातात तेव्हा सहसा रोजापेक्षा वर कमावतात आणि लवकर मोकळ्याही होतात. पण उक्ते घेताना तीन जागी फसगत होते. क्षेत्र शेतकऱ्याच्या तोंडी सांगण्यावर धरू नका, सऱ्या मोजा. तण किती आहे ते आधी फिरून पाहा, दर नंतर बोला. आणि टोळीची प्रमुख किती ठेवणार हे सगळ्यांसमोर ठरू द्या. तिने कामे आणायची, फोन करायचे, पैसे वसूल करायचे, म्हणून तिला थोडे जास्त मिळणे रास्त आहे. ते किती, हे मात्र उघड असावे.

मोजून काम आणि एक दर ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात याच सोलापूर जिल्ह्यात खडी फोडायला आणि नाल्यांचे बांध घालायला हजारो बायका उतरल्या. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. माती किती उचलली हे घनमीटरमध्ये मोजायचे आणि त्यावर मजुरी द्यायची. उचलणारे हात बाईचे की गड्याचे हे विचारायचे नाही. २००५ साली केंद्राने हीच हमी देशभर नेली. त्याचा परिणाम फक्त त्या कामांवरच्या बायकांपुरता राहिला नाही. गावात सरकारी काम समान दराने मिळू लागल्यावर शेजारच्या शेतकऱ्यालाही बाईचा रोज वाढवावा लागला. बाईला 'नको' म्हणता येते तेव्हाच तिचा दर वाढतो.

'माझी लाडकी बहीण' योजनेवरचा वाद मी याच नजरेने पाहते. जुलै २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये मिळू लागल्यावर 'बाया कामाला येईनात' ही तक्रार बांधाबांधावर ऐकू येते. सरकारी तिजोरीवरच्या भाराचा प्रश्न खरा आहे आणि त्याची चर्चा झाली पाहिजे. पण १५०० रुपयांत महिना काढून कोणी घरी बसत नाही. एवढ्याशा आधाराने एखादी बाई सगळ्यात कमी दराचे, सगळ्यात लांबचे काम नाकारत असेल, तर तो तिचा आळस नाही. पहिल्यांदा मिळालेली भाव करण्याची ताकद आहे. शेतकऱ्याने तिथे दर किंवा वेळ बदलून पाहावी. सकाळी सात ते बारा असे काम ठेवणाऱ्यांना, आणि ने-आण करायला गाडी पाठवणाऱ्यांना, माणसे मिळतात.

शेतकऱ्याची बाजू मी नाकारत नाही. खताचे, औषधाचे दर वाढले आणि मजुरी वाढली की एकरी हिशेब आतबट्ट्यात जातो. बाईचा दर वाढवला तर शेतकरी तणनाशक मारेल आणि तिचे कामच जाईल, असे म्हणणारे अर्थतज्ज्ञही आहेत. त्यात तथ्य आहे. पण स्वस्त मजुरीवर बायकांना टिकवून ठेवण्याचा मार्ग बंदच होत चालला आहे, कारण तणनाशक दर वाढायची वाट न पाहता येऊन बसले. खुरपणी कमी होणार आणि फवारणी, ठिबकची देखभाल, रोपवाटिका, यंत्र चालवणे ही कामे वाढणार. यातली रोपवाटिका सोडली तर बाकी कामांवर आज गडी आहे आणि दरही त्याचाच आहे. उसाची रोपे ट्रेमध्ये तयार करणाऱ्या रोपवाटिकांत डोळे काढणे, भरणे, विरळणे बायकाच करतात. गटाने स्वतःची रोपवाटिका काढली तर त्या मजूर न राहता रोप विकणाऱ्या होतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये महिला ऊस उत्पादकांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' प्रशिक्षण होते. सभासदांना पाठवताना कारखान्याने खुरपणीच्या टोळीतल्या चार बायका त्यात धरायला काय हरकत आहे? शेत नावावर असणाऱ्यांनीच शिकायचे असेल तर आपल्या भागात शिकणाऱ्या बायका मोजक्याच राहतील.

कोयता म्हणजे दोन माणसे

आता ज्यांच्या हातांवर श्रीपूरचे गाळप चालते त्यांच्याकडे वळू. या गावात १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने साखर आणली. आज इथे पांडुरंग सहकारी कारखाना आहे आणि तालुक्यात त्याच्यासारखे इतरही. कारखान्याच्या कायम कामगाराचा पगार त्रिपक्षीय कराराने, श्रेणीनुसार ठरतो. त्यात बाईला वेगळी श्रेणी नाही. बॉयलर, मिल, पॅन या विभागांत बायका किती आहेत ते मात्र पाहून या. दर समान असला तरी त्या कामावर पोचूच दिले नाही तर तो समान दर कोणाला मिळणार? पण सगळ्यात मोठा भेद कारखान्याच्या फाटकाबाहेर, फडात आहे.

तोडणीला बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडून जोडपी येतात. करार 'कोयत्या'चा होतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकट्या माणसाला अर्धा कोयता धरतात. गडी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, वाढे वेगळे करते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढते. रात्री गाडी भरायची वेळ आली तर रात्री. परत खोपीवर आल्यावर चूल तिचीच. उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, टनाचा हिशेब नवऱ्याच्या नावाने होतो, खाडा मात्र दोघांपैकी कोणीही गैरहजर राहिले तरी पडतो. म्हणजे तिची गैरहजेरी मोजली जाते, हजेरी नाही. इथे स्त्री-पुरुषांच्या मजुरीतला फरक काढताच येत नाही, कारण स्त्रीच्या मजुरीचा आकडाच अस्तित्वात नाही.

याची किंमत शरीराने मोजली गेली. २०१९ साली बीड जिल्ह्यात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि सर्वेक्षण झाले. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे डॉक्टरांचे गैरप्रकार होते, चुकीची भीती होती आणि पाळीमुळे खाडा पडू नये हा हिशेबही होता.

तोडणीला येणाऱ्या बहिणींना माझे सांगणे: उचल घेतानाच्या कागदावर दोघांची नावे आणि दोघांच्या सह्या किंवा अंगठे असू द्या. नवऱ्याने घेतलेली उचल तुमच्यावरही फेडीचे ओझे टाकते; निदान ती किती आहे हे तुम्हाला माहीत हवे. गाडीच्या वजनाची पावती रोज मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गावाहून निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र नवऱ्याच्या नव्हे, तुमच्या स्वतंत्र नावाने घ्या. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांचा दरवाजा तिथून उघडतो. त्या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने घालायची, असे ठरले आहे. वाढे विकून येणारा पैसा फडात बहुतेक ठिकाणी बाईकडे राहतो. तो स्वतःच्या खात्यात टाका.

ऐकणारे म्हणतील, नवरा-बायकोचे पैसे एकाच घरात जातात, वेगळे नाव लावून काय मिळणार? नवरा वारला तर काय होते ते विचारा. तिच्याकडे पाच-दहा हंगामांच्या कामाचा एकही कागद नसतो, तिला अर्धा कोयता म्हणून कोणी सहज घेत नाही आणि नवऱ्याची उचल मात्र तिच्या दारात वसुलीला येते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोच्या नावे जमीन करायला लावली, तेव्हाही 'एकाच घरात आहे की' असेच लोक म्हणत होते. ज्या घरांनी सातबारावर नाव लावले त्या बायकांना त्याचा उपयोग काय झाला ते त्यांनाच विचारावे.

तोडणीच्या दराचा करार ३४ टक्के वाढीचा झाला तो जानेवारी २०२४ मध्ये, तीन हंगामांसाठी. पुढच्या करारांच्या बोलण्यांत टक्केवारीवर रात्री जागतील, हे ठरलेलेच आहे. त्याच टेबलावर आणखी तीन कलमे ठेवायला पैसा लागत नाही: कोयत्याच्या हिशेबात दोघांची स्वतंत्र नावे, टनाचे पैसे निम्मे-निम्मे दोघांच्या खात्यांत, आणि पाळी, गरोदरपण किंवा बाळंतपणाचा खाडा नाही.

श्रीपूर परिसरातल्या सभासदांना याची सुरुवात स्वतःच्या कारखान्यापासून करता येते. सहकारी कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिची नोटीस आणि अहवाल घरी येतो. ज्यांच्या नावावर शेअर आहे त्या महिला सभासदांनी, आणि पुरुष सभासदांनीही, नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी प्रश्न द्यावा: गेल्या हंगामात आपल्या कारखान्याला किती कोयते होते, त्यांतल्या किती महिलांची नावे तोडणी-वाहतूक ठेकेदाराच्या करारात आहेत, किती जणींच्या स्वतःच्या खात्यात पैसे गेले आणि खाड्यापोटी किती रक्कम कापली गेली. उत्तर तोंडी मिळाले तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा. नोंद झाली की नाही हे पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा तपासा, आणि नसेल तर सभागृहातच उभे राहून ते दुरुस्त करून घ्या.